हायब्रिड गादी निवडताना: एक जण कुशीवर, दुसरा पालथा, आणि वजनात मोठा फरक

रातवा यांचा प्रश्न

आमची दुहेरी गादी मधोमध खचली आहे आणि तिच्या जागी हायब्रिड गादी, म्हणजे खाली पॉकेट स्प्रिंग व वर फोम किंवा लॅटेक्सचे थर असलेली गादी, घ्यावी असा आमचा विचार आहे. अडचण अशी की आम्हा दोघांच्या झोपण्याच्या पद्धतीत आणि वजनात बराच फरक आहे. माझे वजन ५५ किलोच्या आसपास असून मी जवळजवळ सबंध रात्र कुशीवर झोपते. सकाळी उठताना खालच्या बाजूचा खांदा अवघडलेला असतो आणि कधीकधी त्या हाताला मुंग्याही आलेल्या असतात. माझ्या पतींचे वजन ९५ किलोच्या जवळ आहे. ते उताणे झोपतात, परंतु पहाटेपर्यंत पालथे झालेले असतात आणि उठल्यावर कंबर धरल्याची तक्रार करतात. त्यांना उकाडा सहन होत नाही, आणि त्यांनी कूस बदलली की मला जाग येते, याही दोन गोष्टी आहेतच.

विक्रेत्यांकडे पाहावे तर प्रत्येक गादीवर १ ते १० या मापातला कडकपणाचा एक अंक दिलेला असतो आणि ६ ते ६.५ अंकाची गादी ‘सर्व प्रकारे झोपणाऱ्यांसाठी’ म्हणून पुढे केली जाते. अशा एका गादीवर आम्ही दोघे शेजारी शेजारी पडून पाहिले, तेव्हा मला ती टणक वाटली आणि त्यांना मऊ. एकाच गादीबद्दल अशी दोन उलट मते कशी होतात, हे मला आधी समजून घ्यायचे आहे, कारण त्याखेरीज निवड करता येईल असे वाटत नाही. दुसरा प्रश्न असा की आमच्यासारख्या दोघांना मानवेल अशी एकच हायब्रिड गादी असू शकते का, की अशा वेळी मधला अंक घेऊन दोघांनीही थोडे थोडे सोसायचे असते?

गादीकार यांचे उत्तर

मी गाद्या बनवण्याच्या व्यवसायात आहे, त्यामुळे गादीच्या आत काय असते तिथूनच सुरुवात करतो. तुम्हा दोघांचीही मते बरोबर आहेत. १ ते १० हा अंक कोणत्याही सर्वमान्य मापावर आधारलेला नसतो. प्रत्येक उत्पादक तो स्वतःच्या अंदाजाने लावतो, त्यामुळे एकाचा ६ दुसऱ्याच्या ७ इतका कडक निघू शकतो. पण सगळ्यांनी एकच माप वापरले तरी तुमची अडचण सुटणार नाही, कारण त्या एका अंकात हायब्रिड गादीची दोन निरनिराळी कामे कालवलेली असतात. वरच्या थरांनी खांदा आणि नितंब अशा पुढे आलेल्या भागांवरचा दाब पसरवायचा असतो, तर खालच्या स्प्रिंगांनी धड खाली जाऊ न देता कणा सरळ धरायचा असतो. पहिल्या कामाला मऊपणा लागतो आणि दुसऱ्याला ताकद. तुमच्या ५५ किलो वजनाखाली वरचा थर थोडासाच दबतो, खांद्याला रुतायला जागा मिळत नाही, आणि तुम्ही म्हणता की गादी टणक आहे. तुमचे पती तोच थर जवळजवळ पूर्ण दाबतात, त्यानंतरचे सगळे काम स्प्रिंगांवर येऊन पडते, आणि त्या पातळ तारेच्या असतील तर कंबरेचा भाग खाली जातो. मग तीच गादी त्यांना मऊ वाटते.

म्हणून अंक बाजूला ठेवून विक्रेत्याला आतली माहिती विचारावी. स्प्रिंगांबद्दल विचारताना बहुतेक जण संख्या विचारतात, कारण जाहिरातीत तीच मोठ्या अक्षरांत असते. दुहेरी गादीत साधारण ८०० ते १००० पॉकेट स्प्रिंगा असल्या की पुढची वाढ फारशी जाणवत नाही, आणि त्याहून मोठे आकडे पुष्कळदा वरच्या थरातल्या लहान स्प्रिंगा धरून सांगितलेले असतात. तारेची जाडी मात्र क्वचित कोणी विचारते. ती गेज या मापात सांगतात आणि हे माप उलटे चालते, म्हणजे १३ गेजची तार १५ गेजच्या तारेपेक्षा जाड असते. स्प्रिंगेचा ताठपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे बाकी सर्व तसेच ठेवून तार फक्त १० टक्के जाड केली तरी स्प्रिंग जवळजवळ दीडपट ताठ होते. वेटोळ्याचा व्यास वाढवला किंवा वेढे वाढवले तर ती उलट मऊ होते. गेजवरून सगळेच कळते असे नाही, पण ९५ किलो वजनाच्या आणि पालथे झोपणाऱ्या माणसासाठी १५ किंवा १६ गेजची स्प्रिंग मला दुबळी वाटते. १३ ते १४ गेज पाहावे.

वरच्या थरांच्या बाबतीत जाडी, घनता आणि कडकपणा या तीन गोष्टी वेगवेगळ्या विचाराव्यात, कारण विक्रेते घनता आणि कडकपणा यांची सर्रास गल्लत करतात. घनता म्हणजे एका घनमीटर फोमचे वजन, आणि तिचा संबंध मुख्यतः टिकाऊपणाशी असतो. जड फोम मऊही बनवता येतो आणि हलका फोम कडकही. साधा पॉलियुरेथेन फोम ३० किलोच्या खाली असेल तर तो लवकर खचतो, ४०च्या आसपास असेल तर बरा. मेमरी फोम ५० किलोच्या खाली घेऊ नये, ६५ ते ८० किलोचा पुष्कळ वर्षे टिकतो. कडकपणासाठी आयएलडी नावाचे माप आहे. सुमारे २० सेंटिमीटर व्यासाची चकती फोममध्ये त्याच्या जाडीच्या २५ टक्के खोल दाबायला किती पौंड बल लागते, ते हा आकडा सांगतो. लॅटेक्समध्ये विशीच्या आसपासचा थर मऊ असतो, तिशीच्या पुढचा कडकपणाकडे झुकतो. मेमरी फोमला हे माप नीट लागू पडत नाही, कारण त्याचा कडकपणा तापमानावर आणि दाबाच्या वेळेवर बदलतो.

कुशीवर झोपणाऱ्या तुमच्या वजनाच्या व्यक्तीला वरचे मऊ थर मिळून ७ ते १० सेंटिमीटर हवेत. तुमच्या पतींना ५ सेंटिमीटर पुरेत, किंबहुना त्याहून अधिक मऊ थर त्यांच्या कंबरेला त्रासच देईल. हे दोन आकडे एका गादीत बसत नाहीत. मधला मार्ग म्हणून ७ सेंटिमीटरचा थर घेतला तर तुमचा खांदा थोडा सुटेल आणि त्यांची कंबर थोडी धरेल. तुमच्याइतका फरक असताना मी मधला मार्ग सुचवणार नाही. दोन स्वतंत्र अर्ध्या गाद्या किंवा दोन बाजूंना वेगळा गाभा असलेली एक गादी घ्यावी. जोडप्यांना ही कल्पना का खटकते ते मला कळते, पण गादीच्या दोन बाजू सारख्याच असाव्यात असा काही नियम नाही.

पाठीराखा यांचे उत्तर

भौतिकोपचारतज्ज्ञ म्हणून मला कंबरदुखीचा मुद्दा पुढे न्यावासा वाटतो. कंबर दुखत असेल तर जितकी कडक तितकी चांगली, हा सल्ला पुष्कळ जणांना मिळालेला असतो आणि तुमच्या पतींनाही तो कोणीतरी दिलाच असेल. स्पेनमध्ये दीर्घकालीन कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांवर या विषयाची एक नियंत्रित चाचणी झाली आणि ती २००३ साली ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. अर्ध्या जणांना कडक आणि अर्ध्यांना मध्यम कडक गादी दिली, आणि ९० दिवसांनंतर अंथरुणात पडल्यावरचे दुखणे, उठतानाचे दुखणे आणि हालचालींतली अडचण या तिन्ही बाबतींत मध्यम कडक गादीवरच्या लोकांची स्थिती अधिक सुधारलेली आढळली. त्या चाचणीतल्या गाद्यांचे आकडे २.३ आणि ५.६ असे दिलेले आहेत, परंतु ते दुकानातल्या मापाशी ताडून पाहू नयेत. तिथे वापरलेल्या युरोपीय मापात १ म्हणजे सर्वांत कडक आणि १० म्हणजे सर्वांत मऊ, म्हणजे दुकानातल्या अंकांच्या नेमके उलट. या चाचणीचा आधार घेऊन एखादा विक्रेता ‘५.६ची गादी घ्या’ म्हणाला, तर त्याने ती वाचलेली नाही असे खुशाल समजावे.

असे असले तरी पालथे झोपणाऱ्याचा प्रश्न वेगळा आहे. धडाचा सर्वांत जड भाग कटिप्रदेश, तो गादीत रुतला की कमरेचा बाक गरजेपेक्षा वाढतो आणि मणक्यांच्या मागच्या सांध्यांवर रात्रभर ताण राहतो. मान एका बाजूला वळलेली असते ती निराळीच. त्यामुळे गादीकारांनी त्यांच्यासाठी पातळ वरचा थर आणि ताठ स्प्रिंग सुचवली, ती मला योग्य वाटते. काही हायब्रिड गाद्यांत मधल्या तृतीयांश भागातल्या स्प्रिंगा जाड तारेच्या आणि खांद्याखालच्या पातळ तारेच्या असतात. तुमच्या पतींना अशा विभागलेल्या गादीचा उपयोग होईल, पण हे विभाग सरासरी उंचीच्या माणसाला धरून आखलेले असतात. फार उंच किंवा फार ठेंगण्या व्यक्तीचा कटिप्रदेश विभागाच्या सीमेवर येतो आणि मग फायद्याऐवजी तोटा होतो, म्हणून पडून पाहताना कोणी बाजूला उभे राहून कंबर नक्की कुठे टेकते ते पाहावे.

तुमच्या खांद्याबद्दल सांगायचे तर गादीइतकीच उशी महत्त्वाची आहे, आणि या दोहोंची उंची एकमेकींवर अवलंबून असते. कुशीवर झोपल्यावर डोके आणि गादी यांच्यातले अंतर खांद्याच्या रुंदीने ठरते. नवीन गादी मऊ असली की खांदा आत जातो, ते अंतर कमी होते, आणि कडक गादीवर बरोबर असलेली उशी अचानक उंच ठरते. नवी गादी आल्यावर मान दुखू लागली म्हणून गादीलाच दोष देणारे अनेक रुग्ण मी पाहिले आहेत. पतींसाठी याच्या उलट, पालथे असताना उशी जवळजवळ सपाट हवी, आणि ओटीपोटाखाली एक पातळ उशी ठेवली तर कंबरेचा बाक कमी होतो. हाताला येणाऱ्या मुंग्या उठल्यावर थोड्याच वेळात जात असतील तर त्या दाबामुळे असण्याची शक्यता अधिक आहे. त्या दिवसाही राहत असतील, पकड कमजोर वाटत असेल किंवा बोटे बधिर होत असतील, तर गादीची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे.

हलकीझोप यांचे उत्तर

उकाडा आणि हालचाल या दोन गोष्टींबद्दल थोडे लिहितो, कारण त्या एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. शेजारच्याची हालचाल सर्वांत चांगली शोषतो तो जाड मेमरी फोम, आणि अंगाची उष्णता सर्वांत जास्त धरून ठेवतो तोही मेमरी फोमच. १९६६ साली नासाच्या एम्स संशोधन केंद्राच्या कामातून तो निघाला, तेव्हा हेतू विमानातल्या आसनांत धक्का शोषून घेण्याचा होता. दाबाखाली हळू बसणे आणि हळू वर येणे हा त्याचा स्वभावच आहे, आणि तो उष्णतेने मऊ व थंडीने कडक होतो. ज्याला उकडते त्याच्या अंगाखाली तो अधिक मऊ होऊन शरीराला अधिक वेढतो, म्हणजे हवा खेळायला आणखी कमी जागा उरते. त्यात मिसळलेल्या जेलचा गारवा पडल्यावर जाणवतो खरा, पण थराचे तापमान अंगाइतके झाले की तो संपतो. हायब्रिडमध्ये स्प्रिंगांमधून हवा फिरते हे खरे असले तरी वर १० सेंटिमीटर मेमरी फोम असेल तर ती हवा अंगापर्यंत पोचायची कशी?

तुमच्या पतींच्या बाजूला लॅटेक्स असावा असे माझे मत आहे. त्याला सुईच्या साच्याने पाडलेली छिद्रे असतात, तो लगेच वर येतो, आणि पालथे असणाऱ्याला किंवा वारंवार कूस बदलणाऱ्याला रुतल्यासारखे वाटत नाही. लॅटेक्स उसळता असतो, म्हणून तो हालचाल पलीकडे पोचवतो, हा त्याचा दोष. पण गादीच दोन स्वतंत्र भागांची असेल तर तो दोष तुमच्या बाबतीत उरतच नाही. एक सावधगिरी म्हणजे कोणाला नैसर्गिक रबराची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

रातवा

सविस्तर उत्तरांबद्दल तिघांचेही आभार. दोन भागांची गादी घ्यावी, हे आम्हा दोघांनाही आता पटले आहे. तरी तीन शंका राहतात. मधल्या फटीचे काय करायचे? आमच्या पलंगाला सलग फळी नसून आडव्या पट्ट्या आहेत, त्यावर हायब्रिड गादी चालेल का? आणि दुकानात पडून पाहताना आम्ही दोघेही काही मिनिटांत उठलो होतो, तर नीट पारख करायची म्हणजे किती वेळ आणि कशी?

गादीकार यांचे उत्तर

फटीवर तीन उपाय आहेत. एक गाभा दोन भागांचा आणि वरून एकच खोळ, जी चेनने उघडते. दुसरा, दोन पूर्ण गाद्या आणि त्यांवर सबंध रुंदीचा एक पातळ थर. तिसरा, फट तशीच राहू देणे. दुसरा उपाय सोपा वाटतो, पण त्यात वरचा थर पुन्हा दोघांना समान होतो, आणि तो ३ सेंटिमीटरहून जाड असेल तर एवढे वेगळे करून मिळवलेला फरक पुष्कळसा पुसला जातो. मी पहिला उपाय घेईन. तो घेताना दोन्ही बाजूंची उंची सारखी आहे ना, हे नक्की विचारावे, कारण वेगवेगळ्या थरांच्या बेरजेत २ सेंटिमीटरचा फरक सहज पडतो आणि मग मध्ये पायरी तयार होते. अशा गादीत आणखी एक सोय असते. खोळ उघडून एकाच बाजूचा थर बदलता येतो, त्यामुळे सहा-सात वर्षांनी पतींच्या बाजूचा फोम आधी खचला, आणि वजनामुळे तो आधी खचेलच, तर सगळी गादी टाकावी लागत नाही.

पट्ट्या चालतील, पण दोन पट्ट्यांमधली फट ७ ते ८ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी. पॉकेट स्प्रिंगा एकमेकींपासून सुट्या असतात. खालचा फोमचा तळ पातळ असेल तर फटीवर आलेल्या स्प्रिंगा हळूहळू खाली झुकतात आणि गादी खराब झाली असे वाटते, प्रत्यक्षात बिघाड पलंगात असतो. दुहेरी पलंगाला मधोमध आधाराचा पायही हवा. तुमची जुनी गादी मधोमध खचली आहे असे तुम्ही लिहिले आहे, म्हणून नवी आणण्याआधी ती उचलून पट्ट्या वाकल्या आहेत का ते पाहून घ्यावे. फटी मोठ्या असतील तर वर छिद्रे असलेली प्लायवुडची फळी टाकावी, सलग फळीने खालची हवा बंद होते आणि ओल धरते.

पाठीराखा यांचे उत्तर

पारखण्याबद्दल. प्रत्येकाने आपल्या नेहमीच्या स्थितीत, स्वतःच्या उशीसह, किमान १५ मिनिटे पडून राहावे. मेमरी फोम असेल तर अंगाच्या उबेने तो बसायलाच काही मिनिटे जातात, त्यामुळे त्याआधीचे मत फारसे उपयोगाचे नसते. तुम्ही कुशीवर असताना पतींनी मागून तुमचा फोटो काढावा. मानेपासून माकडहाडापर्यंतची रेष गादीला समांतर दिसायला हवी. खांद्याकडे ती वर उचललेली असेल तर वरचा थर अपुरा आहे, कंबरेकडे खाली वाकलेली असेल तर गाभा दुबळा आहे. पती उताणे असताना त्यांच्या कमरेखाली हात घालून पाहावा. हात अगदी सैल आत-बाहेर होत असेल तर गादी त्यांना कडक आहे, मुळीच जात नसेल तर मऊ. ते पालथे असताना कटिप्रदेश छातीपेक्षा खाली गेलेला दिसता कामा नये.

दुकानातली ही पारख अयोग्य गादी बाजूला काढायला पुरते, योग्य गादी ठरवायला नाही. त्यासाठी परतीची मुदत असलेली गादी घ्यावी आणि पहिल्या आठवड्यावरून निर्णय करू नये. नवा फोम वापराने थोडा सैल होतो आणि शरीरालाही जुन्या खड्ड्याची सवय मोडायला काही आठवडे लागतात. मात्र दुखणे दिवसेंदिवस वाढत असेल तर सवय होण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही.

हलकीझोप यांचे उत्तर

हमीपत्रातला एक तपशील राहिला. १० किंवा अधिक वर्षांची हमी वाचून बरे वाटते, पण ती बहुधा ठरावीक खोलीच्या खड्ड्यालाच लागू होते, आणि ती खोली पुष्कळ ठिकाणी २५ ते ३८ मिलिमीटर असते, तीही गादीवर कोणी नसताना मोजलेली. फोम सैल होऊन आधार कमी झाला तरी दिसणारा खड्डा नसेल तर दावा मान्य होत नाही. चुकीच्या पट्ट्यांवर ठेवलेली किंवा डाग पडलेली गादीही हमीतून वगळलेली असते, म्हणून पहिल्या दिवसापासून संरक्षक खोळ घालावी. ती पातळ आणि ताणली जाणारी घ्यावी, जाड व न ताणणारी खोळ मऊ थराला वर घट्ट बांधून ठेवते आणि तुमच्या खांद्यासाठी घेतलेला सगळा मऊपणा खोळीखाली अडकून राहतो.

एका बाजूनेच वापरायची गादी उलटी करता येत नाही, पण डोक्याकडची बाजू पायांकडे दर तीन ते सहा महिन्यांनी फिरवावी. पतींसाठी विभागलेल्या स्प्रिंगांची गादी घेतलीत तर तिचे विभाग दोन्ही टोकांकडून सारखे आहेत का, हे घेतानाच विचारून ठेवावे. तसे नसेल तर ती फिरवल्यावर खांद्याखालच्या मऊ स्प्रिंगा पायांखाली जातात.